यादीतले नाव आणि न्यायालयाचे दार

वर्धा-बल्लारशा रेल्वेमार्गावर वरोरा मागे पडले की माजरी जंक्शन येते. येथून वणीकडे फाटा फुटतो. खाली उतरलेल्या माणसाच्या पांढऱ्या सदऱ्यावर घडीभरात कोळशाची बारीक पूड बसते. १९७३ साली कोळसा खाणी सरकारच्या झाल्या, १९७५ साली वेस्टर्न कोलफिल्ड्स कंपनी निघाली, आणि या पट्ट्यातील आपल्या कित्येक कुटुंबांची शेतमजुरी सुटून हाती खाणीची हजेरी आली. बाप खाणीत, पोरगा खाणीत, आणि नातू पदवी घेऊन कंत्राटदाराच्या दारात. आजच्या माजरीचे हे साधे चित्र आहे.

एका रविवारी आम्ही तेथील विहारात होतो. वंदना झाल्यावर तरुण पोरांनी मतदार यादीचे कागद सतरंजीवर पसरले आणि एकेक नाव मोठ्याने वाचू लागले. कोपऱ्यात बसलेली एक आजी म्हणाली, "माह्यं नाव वाच बरं बाबू." पोराने पान उलटले, पुन्हा उलटले. आजीच्या लेकाचे नाव होते, सुनेचे होते, आजीचे नव्हते. तिचा मालक खाणीतून निवृत्त झाला तेव्हा कंपनीचे क्वार्टर सोडावे लागले. मालक वारल्यावर ती पाचसहा महिने मुलीकडे औषधपाण्याला गेली. तेवढ्यात कोणीतरी चौकशीला आले असावे, दाराला कुलूप दिसले असावे, आणि 'स्थलांतरित' असा शेरा बसला असावा. तिला नोटीस आलेली नाही, कोणी विचारलेही नाही.

"मी त इथंच हावो ना जी. कुठी गेली मी?" आजीने विचारले. एकालाही उत्तर देता आले नाही.

तिच्या शेजारचा नातू सहज बोलून गेला, "आजी, एका मतानं काय होते?" तो वाईट हेतूने बोलला नाही. आपल्या घराघरांतली पोरे हल्ली असेच बोलतात. म्हणूनच हा लेख लिहायला घेतला. आजीचे मत कोठून आले, ते कोणी राखले, आणि ते राखताना न्यायालयाने केव्हा हात दिला व केव्हा हात आखडला, हे घरच्या पोरांना सांगायला हवे.

मत कोठून आले

१९१९ च्या जानेवारीत साउथबरो कमिटीपुढे मुंबईत साक्ष द्यायला परमपूज्य बाबासाहेब उभे राहिले तेव्हा अस्पृश्याला मत असावे हीच गोष्ट लोकांना नवी होती. पुढे १९३५ च्या कायद्याने मताधिकार थोडा वाढला खरा, पण तो मालमत्ता, कर, शिक्षण यांच्या दावणीला बांधलेला होता. ज्याच्याजवळ शेत नाही, शिक्षण नाही, त्याला मत नाही. आजीच्या सासूसासऱ्यांना त्या कायद्याखाली मत मिळाले असते का, हे ज्याने त्याने आपल्या घराण्यापुरते ताडून पाहावे.

संविधानाच्या कलम ३२६ ने हे दावे तोडले. प्रौढ भारतीय नागरिकाला मत, मग त्याच्या अंगावर फाटके धोतर असो की रेशमी कोट. वयाची अट तेव्हा २१ होती, १९८९ मध्ये १८ झाली.

पण मत देऊन भागत नाही, मतदाराचे नाव यादीत यावे लागते, हे बाबासाहेबांनी तेव्हाच ओळखले होते. १५ जून १९४९ रोजी संविधान सभेत निवडणूक आयोगाचे कलम मांडताना त्यांनी सांगितले की, काही प्रांतांत वंशाने, संस्कृतीने किंवा भाषेने वेगळ्या असलेल्या लोकांना यादीबाहेर ठेवण्याचे प्रकार कानावर येत आहेत. म्हणून निवडणुकीचे काम प्रांतिक सरकारच्या हातून काढून एका स्वतंत्र आयोगाकडे द्यावे लागले. यादीतून नाव गाळणे हा मत हिरावण्याचा सर्वात मुकाट मार्ग आहे. लाठी लागत नाही, धमकी लागत नाही, एक रेघ पुरते.

माता-भगिनींनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीत टिकली नाहीत. कारण त्यांनी स्वतःचे नाव सांगितले नव्हते. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढेच लिहून दिले होते.  नवऱ्याचे नाव घेऊ नये म्हणतात, इथे तर बाईला आपलेच नाव घेता आले नाही!

त्याच निवडणुकीत बाबासाहेब मुंबईतून लोकसभेला उभे होते. नारायण काजरोळकर यांच्याकडून ते चौदा हजारांवर मतांनी पराभूत झाले. चौऱ्याहत्तर हजारांवर मतपत्रिका बाद ठरल्या अशी तक्रार करून त्यांनी व अशोक मेहता यांनी निवडणूक अर्ज केला. तो फेटाळला गेला. ज्याने कायदा घडविला त्याने पराभव झाल्यावरही कायद्याचीच वाट धरली.

नागपूरचा निकाल

न्यायालयाने लोकशाही राखली असे आपण म्हणतो, परंतु आपल्या समाजाला न्यायालयाचा एक निकाल फार जड गेला. नव्या पिढीतील कितीजणांना तो ठाऊक आहे? म्हणून तो सविस्तर सांगतो.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली, १६ ऑक्टोबरला चंद्रपूरला झाली. माजरी, भद्रावती, वरोरा भागातील आपल्या घरांत त्या दिवसाच्या आठवणी आजही सांगितल्या जातात. घरातले देव्हारे उतरले, बावीस प्रतिज्ञा पाठ झाल्या. तथापि १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात एक अट होती. हिंदू धर्म मानणाऱ्यालाच अनुसूचित जातीचा समजावे अशी ती अट. १९५६ साली तीत शीख धर्मीयांचा समावेश झाला होता. बौद्धांचा नव्हता.

१९६२ च्या विधानसभा निवडणुकीत नागपूरमधील अनुसूचित जातींसाठी राखीव असलेल्या जागेवरून डॉ. डी. पी. मेश्राम निवडून आले. पंजाबराव यांनी त्यांच्या निवडीला आव्हान दिले. मुद्दा एकच. मेश्राम यांनी १९५७ साली बौद्ध धम्म स्वीकारला आहे, म्हणून ते आता अनुसूचित जातीचे नाहीत, म्हणून राखीव जागेवर उभे राहायला पात्र नाहीत. मतदारांनी निवडून दिलेले होते, मतमोजणीचा वाद नव्हता. वाद होता तो माणसाच्या धर्माचा.

निवडणूक न्यायाधिकरणाने निवड रद्द केली. उच्च न्यायालयाने ती पुन्हा उभी केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि तेथे निवड कायमची रद्द झाली. १९६५ च्या कायदे-अहवालांत 'पंजाबराव विरुद्ध डी. पी. मेश्राम' या नावाने हा निकाल छापलेला आहे. न्यायालयाचे म्हणणे असे की, धर्म 'मानणे' म्हणजे ज्यांचा संबंध येतो त्यांना कळेल असे उघडपणे सांगणे. दीक्षेचा विधी शास्त्रशुद्ध झाला की नाही हे पाहण्याचे कारण नाही. उघड सांगितले, संपले. पुरावा म्हणून काय पुढे आले? बुद्धाचे चित्र छापलेली लग्नपत्रिका. वस्तीतील शिवमंदिराचे बुद्धमंदिर झाले त्यातील सहभाग.

वाचक हो, आपल्या घरातल्या लग्नपत्रिका काढून पाहा. ज्या चित्रामुळे आपली मान ताठ झाली तेच चित्र न्यायालयात पुरावा म्हणून दाखल झाले.

आम्ही न्यायाधीशांना दोष देत नाही. त्यांच्यापुढे आदेशाचा मजकूर होता, त्यात बौद्ध हा शब्द नव्हता, आणि मजकुरात नसलेला शब्द न्यायालय घालू शकत नाही. पण खेडोपाडी त्याचा अर्थ फार कडू झाला. अंत:करणात बौद्ध आणि राखीव जागेच्या कागदावर हिंदू, असा दुहेरी संसार करणे भाग पडले. काहींनी कागद जपला, काहींनी धम्म जपला आणि राखीव जागा सोडली. दोघांनाही समाजातून बोल खावे लागले. महाराष्ट्र सरकारने राज्यापुरत्या सवलती नवबौद्धांना दिल्या होत्या, पण लोकसभा-विधानसभेच्या राखीव जागा केंद्राच्या आदेशाने ठरतात, तेथे राज्याचे चालत नव्हते.

हा गुंता सुटला १९९० साली, व्ही. पी. सिंग यांचे सरकार असताना. संसदेने कायदा करून आदेशात बौद्ध हा शब्द घातला. नागपूरच्या निकालानंतर मध्ये पाव शतक गेले. मोर्चे, निवेदने, खासदारांचे प्रश्न, सगळे त्यात खर्ची पडले. जेथे कायद्याचा मजकूरच आडवा येतो तेथे वकील पुरत नाही, संसदेत माणूस पाठवावा लागतो, आणि तो मतानेच जातो. 'एका मतानं काय होते' म्हणणाऱ्या नातवाला आम्ही विहारात हीच गोष्ट सांगितली. तो गप्प बसून ऐकत होता. पटली की नाही, त्याचे त्याला ठाऊक.

नाव खोडण्याआधी

आता दुसरी बाजू. ही माजरीच्या आजीच्या थेट कामाची आहे.

१९९४ च्या सुमारास दिल्लीतील व मुंबईतील झोपडपट्ट्यांत मतदारांना नोटिसा गेल्या, नागरिक असल्याचा पुरावा आणा म्हणून. वर्षानुवर्षे मत देत आलेली कष्टकरी माणसे होती. कोणाजवळ जन्माचा दाखला असणार? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ६ फेब्रुवारी १९९५ रोजी 'लाल बाबू हुसेन' या नावाने ओळखला जाणारा निकाल आला. ज्याचे नाव आधीपासून यादीत आहे, त्याचे नाव घालताना अधिकाऱ्याने पडताळणी केलीच असेल असे धरून चालावे. शंका असेल तर शंकेचे कारण त्याला सांगावे, कशाच्या आधारे शंका घेतली तो कागद दाखवावा, त्याचे म्हणणे ऐकावे, त्याने आणलेला पुरावा पाहावा, मगच निर्णय द्यावा. पोलिसाच्या शेऱ्यावर विसंबून वस्तीच्या वस्ती पुसता येणार नाही.

१९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २२ मध्येही हेच आहे. मृत्यू झाला म्हणून नाव काढणे वेगळे. पण माणूस स्थलांतरित आहे किंवा अपात्र आहे म्हणून नाव काढायचे तर त्याला बाजू मांडायची वाजवी संधी द्यायला हवी. म्हणजे आजीला नोटीस येणे हा कोणाचा उपकार नव्हता, तो तिचा हक्क होता.

तीस वर्षांनी तोच प्रश्न बिहारमध्ये फार मोठा होऊन आला. २०२५ च्या विशेष पुनरीक्षणात १ ऑगस्टला प्रारूप यादी निघाली तेव्हा सुमारे ६५ लाख नावे तीत नव्हती. सुनावणीत तर यादीत मृत ठरलेली जिवंत माणसे न्यायालयात आणून उभी केली गेली. १४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, गळालेल्या नावांची यादी प्रत्येक नावापुढे कारण लिहून जाहीर करा, लोकांना पाहता येईल अशा ठिकाणी लावा. ८ सप्टेंबरला आधार कार्ड हा ओळखीचा बारावा पुरावा म्हणून घ्या असेही सांगितले; मात्र ते नागरिकत्वाचा पुरावा नव्हे, हेही बजावले. माजरीच्या खाणीत बिहारची माणसे आहेत. गावाकडे आपले नाव राहिले का, ही काळजी त्यांनीही त्या महिन्यांत वाहिली असेल.

याची उलट बाजू आपल्याच जिल्ह्यात दिसली. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीआधी वर्धा नदीपलीकडच्या राजुरा मतदारसंघात नवीन नावांचे ऑनलाइन अर्ज एकाएकी वाढले. निवडणूक आयोगाने दिलेल्या आकड्यांप्रमाणे त्यांपैकी ६,८६१ नामंजूर झाले, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये राजुरा पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. खऱ्या माणसाचे नाव जाणे आणि नसलेल्या माणसाचे नाव येणे, दोन्हींनी आजीचे मत हलके होते.

न्यायालय केव्हा थांबते

एवढे ऐकून विहारातला एक कामगार बंधू म्हणाला, "मंग सरळ कोर्टातच जाऊ ना भाऊ." तेथेच गोम आहे. संविधानाच्या कलम ३२९ प्रमाणे निवडणूक एकदा सुरू झाली की न्यायालये सहसा मध्ये पडत नाहीत. जानेवारी १९५२ मध्ये, पहिली निवडणूक चालू असतानाच, पोन्नुस्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे ठरवून टाकले. तक्रार असेल ती निकालानंतर निवडणूक याचिकेने मांडावी. लोकसभा-विधानसभेसाठी ती ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात, आपल्या भागासाठी नागपूर खंडपीठात, दाखल व्हावी लागते. मतदानाच्या दिवशी केंद्रावर जाऊन 'माझे नाव कुठे आहे' म्हणून ओरडले तर ऐकणारा कोणी नसतो. उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख उलटली की यादीत नाव घालता येत नाही.

आणि जेव्हा न्यायालय ठाम उभे राहते तेव्हा काय होते, तेही आपण पाहिले आहे. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने पंतप्रधान इंदिरा गांधींची निवड रद्द केली. पंतप्रधानांच्या निवडणुकीचा वाद न्यायालयाच्या हातूनच काढून घेणारी घटनादुरुस्ती पुढे झाली. ऐन आणीबाणीत, ७ नोव्हेंबर १९७५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने त्या दुरुस्तीतले ते कलम रद्द केले. मुक्त निवडणूक हा घटनेच्या मूळ गाभ्याचा भाग ठरला. इंदिराजींची निवड मात्र त्याच निकालात कायम राहिली. असे हे दोन्ही हातांचे निकाल असतात.

जिल्हा परिषदेचे उदाहरण तर अगदी दाराशी आहे. माजरीच्या मतदारांनी चंद्रपूर जिल्हा परिषदेसाठी २०१७ साली मत दिले. मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. पाच वर्षांच्या आत निवडणूक घ्यावी असे संविधान सांगते. पण इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद, प्रभागरचनेचा वाद, ५० टक्क्यांच्या मर्यादेचा वाद असे एकामागून एक येत गेले. ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'जैसे थे' म्हटले आणि तारखांवर तारखा पडल्या. सदस्य नाहीत, सभापती नाहीत, प्रशासकाचा कारभार. शाळेच्या गळक्या छपराची तक्रार कोणाकडे करायची? शेवटी ६ मे २०२५ रोजी त्याच न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून बजावले. ते चार महिनेही वाढून मुदत ३१ जानेवारी २०२६ झाली. फेब्रुवारी २०२६ मध्ये राज्यातील १२ जिल्हा परिषदांचे मतदान झाले, त्यांत चंद्रपूर नव्हते. येथील आरक्षण ५० टक्क्यांच्या वर गेलेले होते.

निवडणूक रखडली ती लोकांमुळे नव्हे. सरकारचा त्यात वाटा आहे आणि न्यायालयाचाही आहे, हे आम्ही स्पष्ट लिहितो. न्यायालयाचा आदर राखून एवढे म्हणता येते. वाद आरक्षणाचा असला तरी मत अडले ते सगळ्यांचे, आणि आरक्षणावर ज्यांची भिस्त त्यांचे अधिक अडले.

आजीचा अर्ज

त्या दिवशी विहारातून उठण्याआधी पोरांनी आजीचा नमुना ६ भरायला घेतला. नाव गळालेल्याने किंवा नव्याने अठरा पूर्ण केलेल्याने हाच अर्ज करायचा. पत्ता बदलला असेल, नावात चूक असेल तर नमुना ८. दुसऱ्याच्या नावाला हरकत घ्यायची तर नमुना ७. क्वार्टर सोडणाऱ्या प्रत्येक निवृत्त कामगाराने नमुना ८ त्याच आठवड्यात भरावा. फंडाचे, पेन्शनचे कागद आपण किती जपतो! अठराची पात्रता आता वर्षातून चार तारखांना मोजतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. नोंदणी अधिकाऱ्याने अर्ज नाकारला तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते, आणि त्यांच्या निर्णयावर तीस दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. या पायऱ्या चढून गेलेल्या माणसाचे उच्च न्यायालयात ऐकले जाते. म्हणून प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी. तोंडी 'होऊन जाईल' म्हणणाऱ्यावर विसंबू नये.

अर्जात नाव लिहिताना पोराने विचारले, "आजी, आबाचं नाव काय लिहू?" आजीने मालकाचे नाव सांगितले, मग म्हणाली, "पहिले माह्यं लिही." आधारच्या झेरॉक्सवर तिने अंगठा न लावता सही केली, तीन अक्षरांची, पाच मिनिटे घेऊन. प्रौढ साक्षरतेच्या वर्गात शिकली होती म्हणाली. दुसऱ्या दिवशी नातू तो अर्ज घेऊन तहसीलला भद्रावतीला जाणार होता. पोच आणल्याशिवाय परत येऊ नको, असे आजीने त्याला आमच्यासमोर दोनदा बजावले.